बहुरूपी आणि राज्यसत्ता

१९८० सालच्या मे महिन्याच्या ४ तारखेस युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मार्शल टिटो लुब्ल्याना येथील रुग्णालयात निवर्तले. पंडित नेहरू व नासर यांच्या बरोबरीने अलिप्त राष्ट्रांची चळवळ उभारणारे टिटो भारतीय वाचकांस अपरिचित नाहीत. सहा प्रजासत्ताके त्यांनी पस्तीस वर्षे एका सूत्रात बांधून ठेवली होती, आणि त्यांच्या पश्चात हे सूत्र कितपत टिकेल याची चिंता त्या दिवसांत जगातील सर्व राजधान्यांत चालू होती. ज्या शहरी त्यांनी देह ठेवला ते लुब्ल्याना म्हणजे या सहांपैकी स्लोव्हेनिया या चिमुकल्या प्रजासत्ताकाचे मुख्य शहर. तेथून जवळच त्रबोव्ल्ये नावाचे कोळशाच्या खाणींचे एक गाव आहे. टिटोंच्या निधनास महिनाही झाला नव्हता तोच, १ जून रोजी, त्या गावच्या काही तरुणांनी एक गायकवादकांचा संच स्थापन केला. कोणाही मुत्सद्द्याने त्याची दखल घेतली नाही आणि घ्यावी असे त्यात काही दिसतही नव्हते. परंतु पुढील दहा वर्षांत या तरुणांनी राज्यसत्तेला जो पेच घातला, तसा कोणत्याही विरोधी पत्रकाने किंवा सभेने तिला घातला नव्हता.

साम्यवादी राजवट म्हटली की काटेरी तारांची सरहद्द आणि मुकी माणसे असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. युगोस्लाव्हियाची गोष्ट थोडी निराळी होती. १९४८ साली टिटो आणि स्टालिन यांचे फाटले, आणि तेव्हापासून हा देश मॉस्कोच्या गोटाबाहेर राहिला. कारखाने कामगारच चालवितात असे तेथील घटना सांगे. नागरिकास पारपत्र सहज मिळे, आणि लुब्ल्यानाच्या तरुणाने सकाळी निघून सरहद्दीपलीकडे इटलीतील त्रिएस्त गाठावे व सायंकाळी जीनची तुमान आणि लंडनची ध्वनिमुद्रिका घेऊन परतावे, यात नवल नव्हते. मात्र पक्ष एकच होता. फौजदारी कायद्यात १३३ हे कलम होते, आणि त्यानुसार केवळ तोंडाने बोललेले शब्दही शत्रुत्वाचा प्रचार ठरून माणूस तुरुंगात जाऊ शके. म्हणजे घराची खिडकी उघडी आणि दरवाजाला बाहेरून कडी, असा तो प्रकार होता.

या उघड्या खिडकीतून जे आत आले त्यात पंक संगीतही होते. १९७६ च्या सुमारास लंडनमध्ये हे संगीत उदयास आले. गवयाने वर्षानुवर्षे मेहनत करून गळा कमवावा, वादकाने बोटे झिजवावीत, ही सारी परंपरा त्याने झुगारून दिली. ज्याला दोनतीन सूरमेळ वाजविता येतात आणि ज्याच्या मनात चीड आहे त्याने खुशाल रंगमंचावर चढावे, असा त्याचा बाणा. फाटके कपडे, कपड्यांना टोचलेल्या टाचण्या, अंगावर येणारा आवाज. सुरांच्या दृष्टीने पाहू जाता त्यात फारसे काही नसे, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याचा मोह सुरांत नव्हताच. १९७७ च्या ऑक्टोबरात लुब्ल्यानाच्या मोस्ते भागातील एका शाळेत ‘पांक्रती’ नावाच्या संचाचा पहिला जलसा झाला. पांक्रती म्हणजे अनौरस पोरे. साम्यवादी जगातील हा पहिला पंक संच होय असे पुष्कळदा म्हटले जाते. १९८० साली त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली व तिचे नाव होते ‘कंटाळा’. ज्या देशात दर वर्षी सरकारी इतमामाने तरुणांचा आनंद साजरा होई, तेथे या एका शब्दात केवढा अधिक्षेप साठला होता हे सहज ध्यानी येईल.

ही पोरे आकाशातून पडली नव्हती. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीनंतर लुब्ल्यानात विद्यार्थ्यांचे स्वतःचे नभोवाणी केंद्र १९६९ साली सुरू झाले होते, आणि पंकला पहिला आसरा याच केंद्राने दिला. त्याही आधी, १९६८ च्या डिसेंबरात, ‘ओहो’ नावाच्या मंडळातील तिघा तरुणांनी शहराच्या मधल्या उद्यानात एक मोठे काळे कापड अंगावर घेऊन केवळ तीन डोकी बाहेर काढली होती. स्लोव्हेनियाचे सर्वोच्च शिखर त्रिग्लाव. त्याच्या नावाचा अर्थ तीन मस्तकांचा, आणि स्लोव्हेन माणसास ते सह्याद्रीहूनही जवळचे, जवळजवळ दैवतच. तीन केसाळ पोरे कापडातून डोकी काढून ‘हा पाहा त्रिग्लाव’ म्हणून उभी राहिली, एवढाच तो प्रयोग. त्यात संवाद नव्हते, कथानक नव्हते. कलावंताने स्वतःचा देहच कलाकृती म्हणून लोकांपुढे ठेवावयाचा, या प्रकारास आता सर्वत्र कलेचा मान मिळाला आहे. त्या काळी वाटसरू हसून पुढे जात. त्रिग्लावाचे हे सोंग पुढे पुन्हा भेटणार आहे.

पंकच्या आरोळीला उत्तर कसे द्यावयाचे हे सत्तेला ठाऊक होते. १९८१ च्या अखेरीस वृत्तपत्रांनी ओरड केली की शहराच्या भिंतींवर नाझींची चिन्हे उमटत आहेत आणि ती काढणारे हेच पंक होत. मग तरुणांना पोलीस ठाण्यात बोलावणे, जबान्या घेणे, झडत्या हे यथासांग सुरू झाले. इगोर विदमार हे विद्यार्थी नभोवाणीवरून नव्या संगीताची ओळख करून देणारे गृहस्थ. त्यांच्या कोटावर एक बिल्ला होता. त्यावर नाझी चिन्ह होते खरे, परंतु ते खोडलेले होते, आणि सोबतचा मजकूर नाझी वृत्तीच्या पंकांना शिवी देणारा होता. तथापि त्या बिल्ल्यापायी विदमार यांस तुरुंगवास घडला. खोडलेले चिन्ह आणि मिरवलेले चिन्ह यांतील अंतर ज्या अंमलदारास कळत नाही, त्याची कीव करावी की त्याला भ्यावे, हे ठरविणे कठीण. ते कसेही असो, येथवर सारे जुन्या रिवाजानेच चालले होते. तरुण ओरडतो, पोलीस पकडतो. दोघांनाही आपापली भूमिका पाठ असते.

त्रबोव्ल्येच्या संचाने हा रिवाजच मोडला.

या गावाचा इतिहास ध्यानी घेतला पाहिजे. खाणकामगारांचे हे गाव पूर्वीपासून ‘लाल’ म्हणून प्रसिद्ध. १९२४ च्या १ जूनला तेथे कामगार आणि राष्ट्रवादी टोळीवाले यांच्यात रक्तपात झाला होता, आणि तीच तारीख या तरुणांनी स्थापनेसाठी निवडली. वीजकेंद्राची ३६० मीटर उंचीची चिमणी गावावर उभी होती. असल्या गावात वाढलेल्या पोरांनी आपल्या संचाला नाव दिले ‘लायबाख’. हे लुब्ल्यानाचे जर्मन नाव. ऑस्ट्रियन सम्राटांच्या काळी ते चालत असे, परंतु लोकांच्या स्मरणात ते रुतले होते ते दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४२ पासून इटालियन सैन्याने या शहराला काटेरी तारांचा वेढा घातला. १९४३ च्या सप्टेंबरात इटली शरण गेल्यावर जर्मन आले, आणि तारा तशाच राहिल्या. त्या तारांच्या आत ज्यांनी दिवस काढले होते अशी माणसे १९८० साली साठीच्या घरात होती. त्यांच्या कानी हे नाव पडताच काय वाटले असेल, ते सांगावयास नको.

१९८० च्या सप्टेंबरात गावात काळ्या क्रूसाची भित्तिपत्रके लागली, आणि संचाचा पहिला कार्यक्रम होण्यापूर्वीच त्यावर बंदी आली. पुढे जेव्हा लोकांनी त्यांना ऐकले तेव्हा ते पंकहून अगदीच वेगळे निघाले. येथे धांगडधिंगा नव्हता. सैनिकी गणवेष, स्तब्ध चेहरे, ढोलांचा संथ ठेका, तुताऱ्या, कारखान्यातील यंत्रांची घरघर, आणि त्यावर आज्ञा द्यावी तसा खर्जातील आवाज. बोलणे तर त्याहून विलक्षण. पक्षाच्या ठरावांची भाषा, हुकूमशहांच्या भाषणांची भाषा आणि कारखान्याच्या नियमपुस्तिकेची भाषा यांचे असे बेमालूम मिश्रण, की कोठले वाक्य कोणाचे हे उमगू नये. आम्ही सत्तेच्या विरुद्ध आहोत असे ते चुकूनही म्हणत नसत. उलट व्यक्ती क्षुद्र, समष्टी थोर, शिस्त हेच जीवन, हे सारे ते राज्यकर्त्यांहून अधिक निष्ठेने उच्चारीत.

आपल्या गावोगावी बहुरूपी येतो तो कधी फौजदाराच्या वेषात येतो. दारात उभा राहून दरडावतो, घरातील माणसे क्षणभर चपापतात, मग हसतात. बहुरूपीही मिशीतल्या मिशीत हसतो, बिदागी घेतो आणि पुढील दारी जातो. सोंगाची सारी गंमत त्या हसण्यात असते, कारण त्या हसण्यानेच खरा फौजदार आणि खोटा फौजदार वेगळे होतात. त्रबोव्ल्येचे हे बहुरूपी कधी हसलेच नाहीत. रंगमंचावर नाही, मुलाखतीत नाही, रस्त्यातही नाही. त्यामुळे घरातील माणसांनी हसावे की हात जोडावेत, हे कोणास कळेना.

या सोंगाची किंमतही होती आणि ती पहिल्याने मोजली संचाचा गायक तोमाझ होस्टनिक याने. १९८२ च्या सप्टेंबरात लुब्ल्यानातील एका संगीतमहोत्सवात प्रेक्षकांतून बाटली भिरकावली गेली व ती त्याच्या तोंडावर लागली. रक्त ओघळत असता तो हनुवटी वर करून, मुसोलिनीच्या ऐटीत, तसाच ताठ उभा राहिला. त्या क्षणाचे छायाचित्र पुढे सर्वत्र गाजले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने आत्महत्या केली. तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या सोबत्यांनी या कृत्याचा निषेध करून मृत्यूनंतर त्याला संचातून काढून टाकल्याचे जाहीर केले. सोंग येथेही उतरले नाही. या घोषणेत दुःख दडले होते असे त्यांचे चाहते म्हणतात, आणि ते खरेही असेल. परंतु एका मृत मित्रापुढेही ज्या सोंगाला मान लववता येत नाही, त्याची थोडी भीती वाटल्यावाचून राहत नाही.

१९८३ च्या जून महिन्यात लुब्ल्यानाच्या दूरदर्शनने या मंडळींना मुलाखतीस बोलाविले. गणवेषातील तरुण रांगेने बसले होते, मागे त्यांची भित्तिपत्रके होती, आणि प्रत्येक प्रश्नास ते आधी लिहून आणलेले निवेदन निर्विकारपणे वाचून दाखवीत होते. सूत्रधाराने अखेर प्रेक्षकांकडे वळून ही माणसे शत्रू आहेत आणि कोणीतरी यांचा बंदोबस्त करावा, अशा अर्थाचे आवाहन केले. आता गंमत पाहा. तरुणांनी म्हटलेल्या वाक्यांत सरकारविरोधी वाक्य एकही नव्हते. जमावाला चिथावणारे बोलणे झाले ते सूत्रधाराकडून. बहुरूप्याने काही न करता समोरच्याचा मुखवटा उतरविला होता. त्यानंतर शहराच्या कारभाऱ्यांनी जो उपाय शोधला तोही त्यांच्या अडचणीची साक्ष देतो. गाण्यांवर खटला भरावा तर त्यांत आक्षेपार्ह शब्द कोणता? म्हणून त्यांनी नावावर बंदी घातली. शहराचे नाव परवानगीवाचून वापरले, हा अपराध!

बंदी पाळली गेली, आणि अशी पाळली गेली की कारभाऱ्यांस अधिकच लाज वाटावी. १९८४ च्या डिसेंबरात, होस्टनिकच्या मृत्यूस दोन वर्षे झाली तेव्हा, शहरात भित्तिपत्रके लागली. त्यांवर एक काळा क्रूस आणि सभागृहाचे नाव व दिनांक, यापलीकडे अक्षर नव्हते. सभागृह भरले. १९८५ साली त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका स्वदेशी निघाली तीही वेष्टनावर नाव न घालता. याच सुमारास हे लोक युरोपभर कार्यक्रम करीत हिंडत होते, आणि ज्या नावाचा उच्चार लुब्ल्यानात गुन्हा होता ते नाव पश्चिमेकडील शहरांत भिंतीभिंतींवर झळकत होते. १९८७ पर्यंत ही बंदी चालली.

दरम्यान १९८४ मध्ये या गायकांनी ‘इरविन’ हे चित्रकारांचे मंडळ आणि एक नाट्यमंडळ यांच्याशी संगनमत करून ‘नोये स्लोवेनिशे कुन्स्ट’, म्हणजे ‘नवी स्लोव्हेन कला’, ही मोठी संघटना उभारली. नाव पुन्हा जर्मनच. रचना एखाद्या सरकारी खात्यासारखी, तक्ते, विभाग, उपविभाग यांनी सजलेली. ‘नवा सामूहिकवाद’ हा तिचा आरेखन विभाग, आणि या विभागाकडूनच या सर्व प्रकरणातील सर्वांत मोठा स्फोट झाला.

२५ मे हा टिटोंचा सरकारी जन्मदिवस ‘तरुणांचा दिन’ म्हणून साजरा होत असे. महायुद्ध संपल्यापासून दर वर्षी एक दंड हातोहात देत तरुण देशभर धावत आणि शेवटी बेलग्रेडच्या क्रीडांगणात हजारोंच्या समुदायासमोर तो अर्पण होई. टिटो वारल्यावरही हा सोहळा थांबला नाही. देव नसलेल्या देव्हाऱ्यापुढे पूजा चालू राहिली. १९८७ च्या सोहळ्याच्या भित्तिपत्रकाचे काम स्लोव्हेनियाकडे आले, आणि स्पर्धेत ‘नवा सामूहिकवाद’ विजयी ठरला. चित्र असे: एक पिळदार बांध्याचा उघडा तरुण, हाती मशाल, मागे युगोस्लाव ध्वज, जोडीला कबुतर. संघीय समितीने चित्र पाहिले, पसंत केले, मान्य केले. तारुण्य, बल, शांतता, राष्ट्रध्वज, यांत उणे ते काय?

पुढे वृत्तपत्रात ते छापून आले आणि बेलग्रेडमधील एका अभियंत्याच्या नजरेस पडले. त्याने असेच चित्र एका पुस्तकात पाहिले होते. रिखार्ड क्लाइन या नाझी चित्रकाराने १९३६ मध्ये काढलेले ते चित्र हिटलरच्या राज्याचा गौरव करणारे होते. तरुण तोच, उभे राहण्याची ढब तीच. नाझी ध्वजाच्या जागी युगोस्लाव ध्वज आला होता, आणि गरुडाच्या जागी कबुतर. हातातील दंडाचा आकार स्लोव्हेन वास्तुकार प्लेचनिक यांनी योजलेल्या परंतु कधीच न बांधलेल्या विधानभवनाच्या शिखरावरून घेतला होता. बाकी बदलावे असे काही चित्रकारांस आढळले नव्हते.

बेलग्रेडमध्ये एकच हलकल्लोळ उडाला. अग्रलेख लिहिले गेले, खटल्याची भाषा झाली, वृद्ध सैनिकांच्या संघटना खवळल्या. परंतु खटला काही उभा राहिला नाही, आणि का राहिला नाही हे समजणे अवघड नाही. चित्र गुन्हेगारी ठरवावे, तर ते ‘आपले’ म्हणून पसंत करणाऱ्या समितीला कोठे बसवावयाचे? जर चित्रकारांनी सत्तेला नाझी म्हटले असते, तर तो १३३ व्या कलमाखालील सरळ गुन्हा होता. त्यांनी तसे म्हटलेच नव्हते. त्यांनी एक आरसा तयार करून तो चित्र म्हणून पाठविला, आणि सत्तेने त्यात पाहून ‘वा, माझे रूप किती सुंदर आहे’ असे सहीशिक्क्यानिशी लिहून दिले. या दंडयात्रेची कंबर येथेच मोडली. पुढच्याच वर्षी, १९८८ नंतर, तो सोहळा बंद पडला.

लुब्ल्यानाचेच तत्त्वचिंतक स्लावोय झिझेक यांनी या तंत्राची केलेली मीमांसा आता प्रसिद्ध आहे. त्यांचा मथितार्थ असा की अशा राजवटीत घोषणांवर कोणाचाच विश्वास नसतो, ना बोलणाऱ्याचा, ना ऐकणाऱ्याचा. सारे मनातून हसत असतात आणि वरून टाळ्या वाजवीत असतात. राजवट या मनातल्या हसण्यावरच सुखाने चालते. तेव्हा तिची थट्टा करणारा तिला खरा धोका नव्हे, कारण थट्टा तिला मानवते. धोका त्याचा, जो तिचे शब्द अक्षरशः खरे मानतो. ही मीमांसा मार्मिक आहे. मात्र तिच्यात एक गोष्ट राहून जाते. काळा गणवेष आणि ढोल पाहून जे तरुण खरोखरीच त्या ऐटीच्या मोहात पडले, तेही त्याच प्रेक्षागारात होते. बहुरूपी हसत नाही तेव्हा त्याला खरा फौजदार समजून सलाम ठोकणाराही कोणीतरी निघतोच, आणि ती जबाबदारी सर्वस्वी सलाम ठोकणाऱ्याची आहे असे म्हणून हात झटकता येत नाहीत. तारांच्या वेढ्यात दिवस काढलेल्या वृद्धांचा संताप हा केवळ सरकारी संताप नव्हता.

पुढील घटना वेगाने घडल्या. सरकारी युवक संघटनेनेच या पोरांची बाजू घेण्यास आरंभ केला आणि १९८६ च्या अधिवेशनात १३३ वे कलम रद्द करण्याची मागणी केली. तिच्या ‘म्लादिना’ या साप्ताहिकाने सैन्यावर टीका सुरू केली. १९८८ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्या साप्ताहिकातील एक लेखक यानेझ यान्शा यास लष्करी गुपित बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्याच्यासह चौघांवर लुब्ल्यानाच्या लष्करी न्यायालयात खटला चालला, आणि तो चालला सर्बो-क्रोएशियन भाषेत. स्वतःच्याच राजधानीत आपल्या माणसाचा न्याय परक्या भाषेत होतो, ही गोष्ट स्लोव्हेन जनतेस शिक्षेपेक्षाही झोंबली. सीमाभागातील वाचकांस यातील दुखणे उलगडून सांगण्याचे कारण नाही. हजारो माणसे रस्त्यावर उभी राहिली. यान्शाला दीड वर्षाची शिक्षा झाली. परंतु दोनच वर्षांत, १९९० च्या निवडणुकीनंतर, तो स्लोव्हेनियाचा संरक्षणमंत्री झाला. १९९१ च्या २५ जूनला स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य घोषित केले, दहा दिवसांचे युद्ध झाले, आणि ऑक्टोबरात युगोस्लाव सैन्य कायमचे निघून गेले.

आता प्रश्न असा की फौजदारच गाव सोडून गेल्यावर बहुरूप्याने काय करावे? पंकच्या पिढीतील कित्येकांनी सरळ मार्ग धरला. सैन्याने मागे सोडलेली मेतेलकोवा रस्त्यावरील बराक कला व संस्कृतीसाठी मिळावी अशी त्यांची मागणी होती. ती मान्य न होता पाडकाम सुरू झाले, तेव्हा १९९३ च्या सप्टेंबरात त्यांनी आत शिरून इमारतींचा ताबाच घेतला. तेथे गायनवादन, चित्रशाळा आणि सभा सुरू झाल्या. एकेकाळच्या शिपाईगड्यांच्या खोल्यांत ढोलताशे वाजू लागले, एवढे त्या पिढीच्या पदरात पडले असे म्हणावयास हरकत नाही.

‘नव्या स्लोव्हेन कले’ने मात्र सोंग आणखी पुढे नेले. देशोदेशी नवी राष्ट्रे जन्मत असता या मंडळींनी १९९२ मध्ये स्वतःचेच राज्य स्थापिले. त्याला भूमी नव्हती. काळ हाच त्याचा प्रदेश, असे जाहीर झाले. त्या वर्षी मॉस्कोत एका खाजगी सदनिकेत त्याची वकिलात भरली, आणि ६ जून रोजी तेथील लाल चौकात बावीस मीटर लांबीरुंदीचे काळे कापड अंथरण्यात आले. मालेविच या रशियन चित्रकाराच्या काळ्या चौकोनास तो नमस्कार होता. पोलीस पाहत राहिले आणि कोणी अडविले नाही. काही वर्षांपूर्वी हेच कापड अंथरणारे कोठे गेले असते ते सांगणे नलगे.

या राज्याने पारपत्रेही छापली, आणि ती खऱ्या पारपत्रांसारखी रेखीव होती. १९९५ च्या नोव्हेंबरात, बोस्नियाचे युद्ध मिटविणारा करार डेटन येथे होत होता त्याच दिवसांत, वेढ्याने पोळलेल्या साराएव्होत लायबाखचे जलसे झाले आणि तेथील लोकांना ही पारपत्रे देण्यात आली. काहींनी ती दाखवून सरहद्दी ओलांडल्या असे सांगितले जाते. खोट्या राज्याचे पारपत्र खऱ्या राज्याच्या पारपत्राहून अधिक उपयोगी पडावे, इतका खऱ्या राज्यांचा विचका तेथे झाला होता. येथपर्यंत सोंगाला एक उदात्तता होती. परंतु पुढे, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, नायजेरियातून या पारपत्रासाठी मोठ्या संख्येने अर्ज येऊ लागले. अर्ज करणाऱ्यांना कलेशी कर्तव्य नव्हते. हे युरोपातील एका देशाचे पारपत्र आहे आणि त्यावर जाऊन काम मिळेल, अशी त्यांची समजूत होती, आणि त्यांनी त्यासाठी पदरचे पैसे मोजले होते. हे पारपत्र प्रवासास चालत नाही, असे इशारे कलावंतांना प्रसिद्ध करावे लागले. २०१० मध्ये इरविन मंडळाचे लोक लागोस येथे प्रत्यक्ष गेले आणि अर्जदारांशी बोलले. त्यांचे जाणे प्रामाणिकपणाचे होते. तरीही हा प्रसंग आधीच्या साऱ्या विजयांवर सावली टाकतो. भित्तिपत्रकाने फसली होती ती एक मस्तवाल समिती. येथे फसला तो भाकरी शोधणारा माणूस, आणि सोंग तेच होते.

२०१५ च्या ऑगस्टात लायबाखचा कार्यक्रम उत्तर कोरियाच्या प्याँगयाँग येथे झाला. जेथे सत्तेची भाषा अजून पूर्ण गांभीर्याने बोलली जाते अशा एका रंगमंचावर हे जुने बहुरूपी शेवटी पोहोचले, आणि तेथे त्यांनी गायिली ती मुख्यतः एका अमेरिकन कौटुंबिक चित्रपटातील गाणी. श्रोत्यांनी शिस्तीने ऐकून घेतले.

मायदेशी या परंपरेची खरी वारसदार म्हणावी अशी कृती मात्र आधीच, २००७ साली, घडून गेली होती. १९८८ मध्ये ज्याच्यासाठी लोक रस्त्यावर उतरले तो यानेझ यान्शा आता स्लोव्हेनियाचा पंतप्रधान होता, आणि त्याच्या कारभाराने वृत्तपत्रांचा गळा आवळला जात आहे असा आरोप शेकडो पत्रकार करीत होते. त्या उन्हाळ्यात तिघा कलावंतांनी त्याच्या पक्षाचे सभासदत्व घेतले आणि रीतसर अर्ज करून, कचेरीत शुल्क भरून, आपापली नावे बदलून घेतली. तिघांचेही नवे नाव यानेझ यान्शा. पंतप्रधानांविरुद्ध ते अवाक्षर बोलले नाहीत. वृत्तपत्रांना मात्र बातमी लिहिताना पंचाईत पडू लागली. आज यानेझ यान्शा यांच्या चित्रांचे प्रदर्शन आहे, यानेझ यान्शा यांचा विवाह झाला, असे छापावे लागू लागले. त्याच वर्षी हे तिघे खऱ्या त्रिग्लाव पर्वतावर चढले आणि १९६८ चे ते जुने सोंग, काळे कापड आणि तीन डोकी, त्यांनी शिखरावर पुन्हा उभे केले.

२००८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे त्यांचे प्रदर्शन भरले. काचेखाली त्यांची ओळखपत्रे, पारपत्रे आणि इतर कागदपत्रे मांडलेली होती. ती अस्सल आणि चालू होती. प्रदर्शन उघडे होते तितके दिवस तिघांपैकी एकाच्याही खिशात, आपण कोण आहोत हे पोलिसास दाखविण्याजोगा कागद नव्हता.